मागच्या सीटवरचा डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा डबा आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. नव्या डब्यांना कुणी आत्मवृत्त विचारत नाही, आणि विचारलं तरी 'मला बाजारातून आणलं' एवढ्या एका वाक्यात त्यांचं संपतं.

माझ्यात आधी पंधरा किलो शेंगदाणा तेल होतं. ते खुटबावच्या एका लग्नात भजी तळताना संपलं. लग्न अंजनाचं होतं, कासुर्डीच्या मच्छिंद्रशी. तेल मुलीकडचं, डबाही मुलीकडचा. पण वऱ्हाड निघताना मुलाच्या आईची, म्हणजे पुतळाबाईंची, माझ्यावर नजर पडली. त्या म्हणाल्या, "डबा चांगला हाय. ऱ्हाऊ द्या जीपमधी."

अशा रीतीनं अंजना आणि मी एकाच दिवशी, एकाच जीपमधून सासरी आलो. ती दाटीवाटीत मागं बसली होती आणि मी तिच्या पायाशी होतो. मी रिकामा होतो, म्हणून पायाशी चाललो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. उंबऱ्यावर तिला ओवाळलं. मला ओवाळलं नाही, पण मी वाईट वाटून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मला राखेनं घासलं. घासायला तीच होती.

पाटसच्या बाजारात एका कारागिरानं माझं तोंड कापून, झाळ लावून, मला कडीकोयंड्याचं झाकण बसवलं. मग मी गहू सांभाळले, गूळ सांभाळला, एका पावसाळ्यात शंकररावांचे, म्हणजे सासऱ्यांचे, जमिनीचे कागदही सांभाळले. लोक म्हणायचे, "डबा असावा तर असा." पुतळाबाई त्यावर म्हणायच्या, "आमच्या मच्छिंद्रच्या लग्नातला हाय." सुनेबद्दल त्या असं कधी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही, पण मी स्वयंपाकघरात असायचो, सगळंच ऐकू येत नव्हतं.

पुढं स्टीलची कोठी आली आणि मी माळ्यावर गेलो. तिथं एक मोडका स्टोव्ह आणि मी, असे दोघं पाच वर्षं होतो. स्टोव्हचा स्वभाव चांगला होता, पण बोलायला विषय नव्हता.

मित्रांनो, आता नव्व्याण्णवच्या मे महिन्याची गोष्ट.

त्या घरातून दर उन्हाळ्यात सहल जायची. मच्छिंद्र पाटसच्या साखर कारखान्यावर कामाला. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, की त्याला सवड मिळायची. त्याची बहीण भाग्यश्री शिरूरला दिलेली. तिचे यजमान माऊली यांची स्वतःची जीप होती, आणि जीप असल्यामुळे त्यांना त्या घरात फार मान होता. ते नुसतं खाकरले तरी चहा यायचा. तर ही सगळी मंडळी जीपमधून कुठंतरी जायची आणि अंजना घरी राहायची, कारण म्हैस होती. म्हशीला सहल आवडत नाही असं सगळ्यांचं मत होतं. म्हशीला कुणी विचारलेलं नव्हतं.

त्या वर्षी हरिहरेश्वरला, समुद्रावर जायचं ठरलं. अंजनानं समुद्र पाहिला नव्हता. तिनं मुळा-मुठेचा कालवा पाहिला होता, उजनीचं पाणी एकदा रेल्वेतून पाहिलं होतं. ती भाकरी थापता थापता सासूला म्हणाली, "आत्याबाई, औंदा मी पण येऊ का?"

पुतळाबाईंनी नाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "ये की. कोण नगं म्हणतंय? पर तीन दिसाचं खायाचं समदं हितनं करून न्यायचं हाय. तिकडचं जावईबापूंना चालत न्हाई. तेवढं उरकलं तर ये."

"आन् म्हशीचं?"

"कुशाबाईला सांग. त्या काय, वाडगाभर बिस्किटावर म्हशीची आरतीसुदिक करत्याल."

कुशाबाई म्हणजे शेजारची म्हातारी. ती भिंतीपलीकडूनच ओरडली, "दोन वाडगं!"

झालं. अंजनाची पाच वर्षांची मुलगी सोनम गल्लीभर सांगत सुटली, "माझी आई समुद्राला येणार हाय." आणि अंजना कामाला लागली.

आधी शंकरपाळी झाली. मग पुतळाबाईंना आठवलं की माऊलींना चकली लागते. चकली झाली. मग लाडू. मग चिवडा, एक तिखट आणि एक पोरांचा. अंजना एकेक डबा भरून फळीवर ठेवायची आणि त्याच्याकडे अशी बघायची, जणू जीपमधली तिची जागा आणखी वीतभर पक्की झाली. मी माळ्यावरून पाहत होतो. डबे वाढत होते आणि जीप तेवढीच होती. मला हा हिशेब कळत होता, पण डब्याला विचारतो कोण?

शेवटी बिस्किटं राहिली.

मित्रांनो, तेव्हा घरोघरी भट्टी नव्हती. मैदा, पिठीसाखर, डालडा, रवा असं सगळं घरून घ्यायचं आणि बेकरीत जाऊन नानकटाई भाजून आणायची. यवतला बेकरी जवळ होती. पण माऊलींनी एकदा दौंडच्या बेकरीतलं बिस्किट खाऊन "बरंय" म्हटलं होतं. त्यांच्या तोंडून आजवर निघालेली ही सगळ्यात मोठी स्तुती असल्यामुळे दौंडलाच जायचं ठरलं.

पुतळाबाईंनी मापं सांगितली होती, ॲल्युमिनियमच्या छोट्या डब्यात मावतील एवढी. पण अंजनानं विचार केला, कमी पडली तर म्हणतील, हात आखडता घेतला. आपली जागा बिस्किटापायी जायला नको. तिनं मापं दुप्पट केली. दुप्पट बिस्किटांना मोठा डबा पाहिजे. ती शिडी लावून माळ्यावर चढली आणि मला बघून म्हणाली, "आरं, तू हायेस व्हय अजून!"

पाच वर्षांत माझ्याशी कुणी बोललेलं पहिलं वाक्य. मी भारावून गेलो. तिनं मला धुतलं, उन्हात वाळवलं, आत जुना पेपर घातला. हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं केलं. मला ते अजून आठवतं आणि तेव्हा नेमकं माझं झाकण कुरकुरतं.

दौंडच्या बेकरीत बायकांची रांग होती. अंजना परात घेऊन खाली बसली आणि डालडा-साखर तळहातानं फेसायला लागली. पांढरंशुभ्र लोण्यासारखं होईपर्यंत फेसायचं असतं. तिचा हात दीड तास थांबला नाही. बेकरीचे मामू भट्टीपाशी उभे होते. ते म्हणाले, "बेटी, बस हो गया. इससे ज्यादा करेगी तो उडके जायेगा."

"उडून जाऊ द्या मामू. समुद्राला चाललंय."

"तू भी जा रही है?"

"मग! माझीच तर बिस्किटं."

सगळ्यांचे ट्रे एकाच भट्टीत जात, म्हणून प्रत्येक बाई आपल्या बिस्किटांवर खूण करायची. कुणी बोट दाबायची, कुणी काड्यापेटीची काडी. अंजनानं हातातली बांगडी काढली आणि प्रत्येक गोळ्यावर तिची कड अलगद दाबली. प्रत्येकावर एक चंद्रकोर उमटली. ट्रे बाहेर आले तेव्हा रांगेतल्या बायका आपापली बिस्किटं सोडून तिचीच बघायला लागल्या. मामूंनी एक मोडून खाल्लं आणि आणखी एक घेतलं.

मी गळ्यापर्यंत भरलो. खरं सांगतो मित्रांनो, इतका मोठेपणा मला तेलानंही दिला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी शिरूरची मंडळी आली. माऊली, भाग्यश्री आणि त्यांची दोन पोरं. पुतळाबाईंनी माझं झाकण लावलं, वरून धडपा बांधला आणि दोऱ्यानं शिवून टाकला. "समुद्र दिसंस्तवर ह्यो उघडायचा न्हाई," त्या म्हणाल्या. कुशाबाई दोन वाडगे घेऊन उभी होती. अंजनानं शिवण्याआधीच तिचे वाडगे भरले होते, तरी ती शिवणीकडे बघत म्हणाली, "तिसरा आणला आसता."

सकाळी सात वाजता जीप दारात. अंजनानं लग्नातली मोरपंखी साडी नेसली होती. सोनमच्या दोन वेण्या घातल्या होत्या. म्हशीला वैरण टाकून झाली होती. पिशवी हातात होती.

गाडी भरायला सुरुवात झाली. पुढं माऊली चालवायला, त्यांच्या शेजारी शंकरराव आणि मच्छिंद्र. मधल्या सीटवर पुतळाबाई, भाग्यश्री आणि तीन पोरं. टपावर गाद्या, स्टोव्ह, पाण्याचे ड्रम. मागच्या बाकांवर शंकरपाळी, चकली, लाडू, चिवडा तिखट आणि चिवडा पोरांचा. मग एक जागा उरली. तिथं एक माणूस बसेल. किंवा एक डबा.

अंजना मला उचलून घेऊन उभी होती.

"टपावर टाका की," मच्छिंद्र म्हणाला.

"टपावर?" पुतळाबाई म्हणाल्या. "उनानं डालडा इतळंल. भुगा हुईल समद्याचा."

"मग खाली ठिवा, पायापाशी."

"मच्छ्या, खायाचं हाय त्यात! अन्नाला पाय लावतूस व्हय?"

मी भरलेला होतो, मित्रांनो. मघाशी म्हटलं होतं ना, लक्षात ठेवा म्हणून.

अंजना म्हणाली, "मी घेते मांडीवर. मांडीवर घेऊन बसते मी, आत्याबाई. हलू देत न्हाई."

"आगं, पर मांडी ठिवायची कुठं?" पुतळाबाईंनी विचारलं.

जागा एक होती. तिच्यावर मी बसलो तर अंजना उभी राहत होती आणि अंजना बसली तर मी तिच्या मांडीवर छतापर्यंत जात होतो. माऊलींनी उतरून एकदा मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मामी, घाटाचा रस्ता हाय. लोड जास्त नको." ते सत्तर किलोचे होते.

"वहिनी, तुम्ही पुढल्या वर्षी या ना," भाग्यश्री खिडकीतून म्हणाली. "पुढल्या वर्षी नक्की. समुद्र कुठं जातोय?"

"एक डबा कमी करा की वन्सं," अंजना हळूच म्हणाली. "चिवडा दोन कशाला?"

"पोरं तिखट खात न्हाईत."

अंजनानं मच्छिंद्रकडे पाहिलं. मच्छिंद्र त्याच क्षणी खाली वाकला आणि टायरला लाथ मारून हवा बघायला लागला. हवा होती. त्यानं दुसरं टायर बघितलं. त्यातही हवा होती. चार टायर बघून झाल्यावर त्यानं स्टेपनी बघितली.

"तूच तर केलंस समदं," पुतळाबाई शेवटी म्हणाल्या, अगदी समजुतीनं. "मी छोटा डबा सांगितला व्हता. कुणी सांगितलं तुला ढीगभर करायला?"

अंजना दोन पावलं पुढं आली आणि तिनं मला त्या सीटवर ठेवलं. मी कलंडू नये म्हणून आपल्या पिशवीतलं लुगडं काढून माझ्या बुडाखाली घडी करून घातलं. मग ती बाजूला झाली. सोनम खिडकीतून म्हणाली, "आये, तू कुठं बसणार?"

"मी मागनं येते."

"कशानं?"

जीप चालू झाली, त्यामुळे याचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

मित्रांनो, मी पहिल्यांदा सीटवर बसून प्रवास केला. मला खिडकी मिळाली होती. घाटात सगळ्यांना मळमळलं, मला नाही. पुतळाबाई दर दहा मिनिटांनी मागं वळून विचारायच्या, "डबा नीट हाय का?" इतक्या काळजीनं त्या घरात कुणाची चौकशी झाल्याचं मला आठवत नाही.

समुद्र म्हणजे पुष्कळ पाणी. मी तेलाचा डबा, पाण्याशी माझं फारसं जमत नाही, म्हणून यापेक्षा जास्त सांगत नाही. वाळूत सतरंजी अंथरून पुतळाबाईंनी माझी शिवण उसवली. माऊलींनी एक बिस्किट घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "हे नखासारखं काय उमटलंय?"

"बेकरीचा शिक्का हाय तो," भाग्यश्री म्हणाली.

माऊलींनी खाल्लं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "बरंय."

सोनम म्हणाली, "तो आईच्या बांगडीचा हाय." पण तेवढ्यात लाट आली आणि सगळे ओरडले.

तीन दिवसांत मी रिकामा झालो. पोरांनी शेवटची अर्धी बिस्किटं कावळ्यांना टाकली, कारण समुद्राच्या हवेनं ती मऊ पडली होती. सोनमनं एक आपल्या फ्रॉकच्या खिशात ठेवलं. निघताना मच्छिंद्र मला उचलून पाण्यापर्यंत घेऊन गेला. त्यानं मला लाटेत बुडवलं आणि काठोकाठ भरलं.

"आरं, ह्ये काय?" पुतळाबाईंनी विचारलं.

"अंजीला समुद्र बघायचा व्हता," मच्छिंद्र म्हणाला. "घरी नेतो."

परतीच्या वाटेवर मी पुन्हा त्याच सीटवर होतो, समुद्र घेऊन. घाटात अर्धा समुद्र जीपमध्ये सांडला. माऊलींनी ब्रेक मारला की पुतळाबाईंच्या पाठीवर लाट यायची. कासुर्डीला पोचलो तेव्हा माझ्या तळाशी चार बोटं गढूळ पाणी उरलं होतं आणि त्यात बिस्किटाचे तुकडे आणि एक शिंपला.

अंजना शेणाच्या हातानं बाहेर आली. मच्छिंद्रनं मला तिच्यासमोर ठेवलं आणि झाकण उघडलं.

ती वाकली. आत बघितलं. "ह्यो समुद्र?"

"व्हय."

तिनं हात पदराला पुसला, एक बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईची चव घ्यायची सवय जात नाही. मग ती म्हणाली, "मीठ लई झालंय."

"बघ," पुतळाबाई अंग पुसता पुसता म्हणाल्या, "पोरानं घरी आणला तुझ्यासाठी. आमच्यासाठी कुणी बादलीभर आणला न्हाई कधी."

सोनमनं खिशातून बिस्किट काढून दिलं. त्याचा भुगा झाला होता. चंद्रकोर कुठली ते ओळखू येत नव्हतं. अंजनानं तो भुगा तळहातावर घेतला आणि सगळा खाल्ला. आपण केलेली बिस्किटं तिनं तोवर चाखलीच नव्हती. डबा शिवताना तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं मागितलं नव्हतं.

"कसा व्हता गं समुद्र?" तिनं सोनमला विचारलं.

"मोठा हाय. पर वास येतो."

मी तसाच आठ दिवस ओट्यावर होतो. मच्छिंद्र म्हणायचा, "ओतू नगं, लोकांना दाखवायचाय." गल्लीतल्या बायका समुद्र बघून गेल्या. कुशाबाईनं हात जोडून डोळ्याला पाणी लावलं आणि विचारलं, "औंदाची बिस्किटं काय उरली न्हाईत का?" आठव्या दिवशी समुद्र माझ्या बुडातून आपोआप ओट्यावर आला. खाऱ्या पाण्यानं मला भोकं पडली होती.

पुढल्या वर्षी भाग्यश्रीनं शिरूरच्या बाजारातून निळा प्लास्टिकचा ड्रम आणला. झाकणाला आटे, पाणी लागलं तरी गंजत नाही, आणि माझ्या दीडपट मोठा. अंजनानं तो धुतला, वाळवला. दौंडला जाऊन आली. निघायच्या आदल्या दिवशी सोनमनं विचारलं, "आये, औंदा येणार ना?" तेव्हा अंजना ड्रमच्या घेराकडे बघत होती. ती म्हणाली, "बघू." सकाळी निघताना मच्छिंद्रनं टायर बघायच्या ऐवजी ड्रमला दोरी बांधली, सीटला घट्ट. एवढाच फरक.

तर मित्रांनो, माझी तुम्हांला कळकळीची विनंती आहे. पत्र्याच्या डब्यात खारं पाणी भरू नका. वापरून झाला की त्याला पुसा, वाळवा, झाकण हलक्या हातानं लावा. त्याच्याकडून भरपूर काम करून घेतलं असेल तर अधूनमधून चौकशी करा. आणि सगळे मिळून कुठं जाणार असाल, तर त्याला एकट्याला घरी टाकून जाऊ नका. डब्यांना बोलता येत नाही, म्हणून मी सांगतो.

मी आता गोठ्यात असतो. बूड गेलं, पण झाकण लावलं की उभा राहतो आणि वजन पेलतो. अंजना माझ्यावर गोणपाटाची घडी टाकते आणि माझ्यावर बसून म्हशीची धार काढते. ड्रम सीटवर बसून सहलीला गेला त्या दिवशीही ती तशीच बसली होती. लांब हायवेवर माऊलींच्या जीपचा हॉर्न वाजला आणि वाजत वाजत गेला. तिनं वर पाहिलं नाही. म्हैस मात्र आवाजानं बिचकून आमच्या अंगावर आली.

अंजनानं कोपरानं तिला ढकललं आणि म्हणाली, "सरक की बाई जरा. बसू दे मला."

म्हैस सरकली.